झुल्माचा चेहरा

रोसारिओ
सोमवार, ४ मार्च

प्रिय निदिया,

"माझं चित्र काढू नकोस, ग्रिसे. काढलंस तर मी सापडेन."

बस सुटायच्या आधी तू हे म्हणाली होतीस. आब्रिल तुझ्या खांद्यावर झोपली होती. सात वर्षांची पोर, तिचे पाय तुझ्या कमरेखाली लोंबत होते. माझ्या हातात सवयीप्रमाणे पेन्सिल होती. मी हसले होते. एवढ्या भ्यालेल्या बहिणीपुढे हसू नये, पण मला ते वेडगळ वाटलं. चित्रातून कुणी सापडतं का?

काल दार्दो आला होता.

घरी नाही. उद्यानात पुस्तकांचे तंबू लागलेत, तिथे मी झुल्माच्या कॉमिकच्या अंकांवर सह्या करत होते. मोठी रांग होती. मुलांच्या पाठीवर झुल्माची दप्तरं, आयांच्या अंगात झुल्माचे टी-शर्ट. तो त्या रांगेत उभा राहिला, निदिया. कुणाला ढकललं नाही की काही नाही. पुढच्या म्हाताऱ्या बाईंना ऊन लागत होतं, तर स्वतःची टोपी काढून दिली म्हणे. त्या बाई मला सांगत होत्या, "मागचा माणूस फार भला आहे हो." मी मान वर न करता पुढच्याला विचारलं, "कुणाच्या नावाने सही करू?"

"निदियाच्या," तो म्हणाला.

पेन माझ्या हातातून पडलं नाही. तेवढं मी जमवलं.

"काय हडकुळे, मेव्हण्याला ओळखलं नाहीस?"

"मेव्हणा होतास."

"अजून आहे. घटस्फोटाचे कागद कुणी केलेत?" त्याने खुर्ची ओढली. त्याचे केस पांढरे झालेत, ते त्याला शोभतात. "तुझं कॉमिक नेमाने वाचतो मी. एक सांग. कॉमिकमधली माणसं कधी म्हातारी होत नाहीत. लहानपणापासून बघतोय, तोच सदरा, तोच भांग. ही तुझी नावाडीण एकटीच दरसाल एका वर्षाने वाढते. आणि कधी? मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या आठवड्यात कुणाचा वाढदिवस असतो, ते मी विसरेन होय?"

तो आता शहराच्या कॅमेऱ्यांच्या खोलीत काम करतो. भिंतभर पडदे, समोर खुर्च्या, त्यातली एक याची. त्यांच्याकडे एक मशीन आहे. त्याला चेहरा दिला की ते कॅमेऱ्यांनी टिपलेल्या लाखो चेहऱ्यांतून तसाच चेहरा शोधतं. आता त्याला इतर शहरांच्या बसस्थानकांचे कॅमेरेही जोडलेत. फोटोच लागतो असं नाही. तुझा जुना फोटो देऊन त्याने चार वर्षं बघितलं, काही निघालं नाही. जुन्या फोटोतली तू चौतीस वर्षांची आहेस. मग त्याने माझं पान दिलं. गेल्या मे महिन्याचं, झुल्मा बेचाळीस वर्षांची होते ते.

"पाच बायका निघाल्या," तो म्हणाला. "चौघींकडे जाऊन आलो."

त्याने पाचही फोटो माझ्यापुढे टेबलावर मांडले आणि माझ्याकडे बघत बसला. मी एक शब्द बोलले नाही. खरंच सांगते, एक शब्दही नाही. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. मागची माणसं कुरकुरायला लागली, तेव्हा त्याने फोटो गोळा केले, सही केलेला अंक घेतला, मला थँक्यू म्हणाला. जाताना म्हणाला, "ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मला चार दिवस सुटी आहे. गुरुवारपासून."

इतकंच झालं.

निदिया, त्या गुरुवारच्या आत तिथून निघ. कुठे, ते मला सांगू नकोस. हे पत्र नेहमीच्याच वाटेने येईल. एवारिस्तोकाका त्यांच्या पेपरच्या ठेल्यावरून गुरुवारच्या अंकांच्या गठ्ठ्यात घालतील, खालून तिसऱ्या अंकात. मध्ये किती हात बदलतात, कुठल्या गावाचा ठेला, हे आठ वर्षांत मी विचारलेलं नाही. आता तुझं गाव बहुधा त्याला माहीत आहे. मला नाही.

तुझी,
ग्रिसे


बुधवार, ६ मार्च

निदिया,

गठ्ठा उद्या जाईल, म्हणून हेही त्यातच.

दोन दिवस काम केलेलं नाही. चित्राचं टेबल खिडकीपासून ओढून भिंतीला लावलं. समोरच्या खांबावर कॅमेरा आहे, आणि त्याच्या खाली सगळीकडे असतो तो गोल कागद चिकटवलेला आहे. त्यावर झुल्मा. वल्हं खांद्यावर, हसरी, आणि खाली लिहिलंय, "झुल्माचं लक्ष आहे." तिचे डोळे मी तुझ्यावरून काढलेत. तुझ्याच डोळ्यांनी तो खांब माझ्या घरात बघतो.

हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. ते चिकटवायला झुल्मा मीच दिली. तीन वर्षांपूर्वी पालिकेचे दोघे जण आमच्या आल्बाकडे आले होते. आल्बा म्हणजे माझी संपादक. ते म्हणाले, लोकांना कॅमेऱ्याची भीती वाटते, दगड मारून फोडतात, एखादा ओळखीचा, मायेचा चेहरा हवा. आल्बा म्हणाली, "ग्रिसे, तुझ्या झुल्माकडे बघून कोण दगड मारेल?" मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. नदीपल्याड पळणाऱ्या माणसांना नाव न विचारता होडीत घेणारी माझी नावाडीण शहराच्या प्रत्येक कोपऱ्यावर उभी राहणार होती. ती ज्यांना पळवते त्यांनाच शोधायला ती उभी राहते आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर मी ते थांबू दिलं नाही.

आणि दगड खरंच थांबले. मुलं शाळेत जाताना कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतात. "झुल्मा, टाटा!" कोपऱ्यावरची ती लहानगी रोज त्याच्याकडे बघून पापी उडवते. लोकांना कुणीतरी आपल्याकडे बघत असलेलं आवडतं, निदिया, बघणाऱ्याचा चेहरा गोड असला की झालं. चेहरा गोड करायचं काम माझं होतं. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला दार्दो खुर्चीत बसून येर्बाचा चहा पीत ती पापी बघतो.

काल पोलीस ठाण्यात गेले होते. खिडकीतला माणूस सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे त्याने केलं काय? रस्त्यावर चालला, दुकानात गेला. तुम्ही सांगताय तो गुन्हा कुठला, बाई?" मी म्हटलं, आधी तिचा कान फाडला होता. "आठ वर्षांपूर्वी? तेव्हा तक्रार होती?" नव्हती. तुला आठवतं ना, त्या दिवशी आपण दोघी याच ठाण्याच्या दारातून परत फिरलो होतो. उठताना त्याने माझं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तुम्हीच का त्या? माझ्या मुलीसाठी एक झुल्मा काढून द्या ना!" मी काढून दिली. पाठमोरी. तो म्हणाला, "चेहरा नाही काढलात?" मी म्हटलं, "ती नदीकडे बघते आहे."

संध्याकाळी आल्बाने वाचकांची पत्रं पाठवली. त्यात एक पाराना गावातल्या बेकरीवाल्या बाईंचं होतं. ते जसंच्या तसं उतरवते, म्हणजे मी वाढवून सांगते असं तुला वाटायला नको.

"ताई, तुमची झुल्मा माझ्यासारखी दिसते, असं सून म्हणायची, मला कौतुक वाटायचं. गेल्या महिन्यात एक गृहस्थ तुमचं पान घेऊन दुकानात आला. डझनभर चंद्रकोरी मेदियालुना पाव घेतले, आणि माझे केस डाव्या कानामागे सारले. माझ्या दुकानात, माझ्या मुलासमोर. कान बघितला, सॉरी म्हणाला आणि गेला. मेदियालुना तिथेच टाकून गेला. मी तेव्हापासून डोक्याला रुमाल बांधते. तुम्ही माझं चित्र कुठून काढलंत ते कळवा."

मी त्यांना काय कळवू?

निघ, निदिया. उद्या पत्र निघेल, शनिवारी तुला मिळेल. रविवारी निघ.

ग्रिसे


मंगळवार, १२ मार्च

निदिया,

आज परतीचे अंक आले. एवारिस्तोकाका न खपलेले मोजत होते, मी समोर उभी होते. एका अंकातून कागद पडला. त्यांनी उचलून न वाचता माझ्याकडे दिला. "पोरी, बस आधी," म्हणाले.

आठ वर्षांनी तुझं अक्षर. 'ग' अजून तसाच, पोट फुगलेला.

"हलणार नाही. आब्रिलची शाळा गेल्या सोमवारी सुरू झाली. तिला इथे मैत्रिणी आहेत, मला इथे माझ्या नावाची पाटी आहे. एकदा पळाले, पुरे झालं. तू काढणं थांबव. ते मी आधीच सांगितलं होतं."

चार ओळी मी किती वेळा वाचल्या असतील. पाटी कसली गं? शिवण्याची? तू शिकवतेस का? नको, सांगू नकोस.

काका म्हणाले, "काय म्हणते?"

"नाही म्हणते."

"लहानपणी पण अशीच होती. गाडीखाली आलेली मांजर उचलायला रस्त्यात बसली होती, हलली नव्हती." त्यांनी ठेल्याच्या मागचं स्टूल पुसून दिलं. हे तिथेच बसून लिहिते आहे. या कोपऱ्यावर कॅमेरा नाही, काकांनी दोनदा काठीने फोडला. त्यावरही झुल्मा होती. "माफ कर हां," मला म्हणाले होते, "बाई तुझी, पण डोळा त्यांचा."

आता तुला खरं सांगते. पहिल्या पत्रात मी जेवढं लिहिलं तेवढंच झालं नव्हतं.

तुला माझ्या अंगठ्याची सवय आठवते. जेवताना समोरच्याचा चेहरा बघत मी टेबलावर अंगठ्याने रेघा ओढायचे, आणि आई हातावर चमचा मारायची. "पाहुण्यांचं नाक टेबलावर काढू नकोस!" ती सवय गेली नाही. ओळखीचा चेहरा दिसला की अंगठा आपोआप फिरतो, मला कळतही नाही. अनोळखी चेहऱ्यावर फिरत नाही. दार्दो आपल्या टेबलावर नऊ वर्षं जेवला आहे.

पहिले चार फोटो त्याने एकेक करून ठेवले. त्या बायका तुझ्यासारख्या होत्या, पण तू नव्हतीस. पाचवा ठेवला. बसस्थानक, पत्र्याचं छप्पर, एक बाई हातात कांद्यांची पिशवी घेऊन बाकावर बसली आहे. अंगाने भरलेली, चष्मा लावलेला. मी तुला चष्मा कधी काढलाच नव्हता, निदिया. केस कापलेले. मला आधी आनंद झाला. इतका आनंद झाला की मी बाकी विसरले. आठ वर्षं अंदाजाने काढत होते आणि खरी तू त्याहून सुंदर दिसत होतीस. मी तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं. चेहरा दगडासारखा.

दार्दो माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. तो टेबलाकडे बघत होता.

"अंगठा अजून चालतो तुझा," तो म्हणाला.

खाली बघितलं तर अंगठा डाव्या कानापाशी थांबला होता. पाळीपाशी, जिथे फट आहे तिथे.

म्हणजे मशीनने पाच बायका दिल्या, आणि पाचवी तूच आहेस ही खात्री त्याला मी दिली.

आणखी एक. झुल्माचा पहिला अंक तू परत पाठवला होतास. पानावर चेहऱ्याच्या जागी कात्रीने कापलेलं भोक होतं. मी सगळ्यांना सांगितलं, भाचीने कापून वहीत चिकटवलं असणार, तिला कात्रीचा फार नाद. सात वर्षांच्या पोरीचा हात इतका सरळ चालत नाही. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. तरी दुसरा अंक काढला. मग तीनशे काढले. तुझी आठवण यायची तेव्हा मी तुला काढायचे, आणि लोकांना ते आवडायचं. वर्षावर वर्ष चढवत गेले, कारण तू तिकडे माझ्याशिवाय म्हातारी होत होतीस आणि मला ते सहन होत नव्हतं. कान तरी बदलायला हवा होता. वाचकांना वाटतं तो मासे धरायच्या गळाने फाटला. मला तो चांगला काढता यायचा, म्हणून ठेवला.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यायची की नाही याचा विचार करावा लागेल, आणि सध्या तुला इतर विचार आहेत.

ग्रिसे


बुधवार, १३ मार्च

निदिया,

काल संध्याकाळी आल्बाकडे गेले. म्हटलं, झुल्मा बंद कर.

"बंद? वेडी आहेस का? पवित्र आठवडा लागतो त्या झावळ्यांच्या रविवारी खास अंक आहे, दुप्पट छपाई आहे."

"मग तिचा चेहरा बदलते."

"कुणाचा लावणार?"

रात्रभर त्याच विचारात होते. नाक लांब केलं, हनुवटी बदलली, डोळे दूर नेले, तरी कुठेतरी तशा चेहऱ्याची बाई असणारच. ती बसला उभी असणार, कांदे घेऊन. पाराना गावच्या बाईंनी रुमाल बांधला, आता आणखी कुणाला बांधायला लावू? माणसाचा चेहरा काढणं हेच माझं काम, आणि आता कुठलाही चेहरा मोकळा राहिलेला नाही.

मग मी एक पान काढलं. त्याच खास अंकासाठी.

त्यात झुल्मा पाठमोरी आहे, पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत. पुढे जे आहे ते तुला माहीत आहे. एक माणूस पडद्यांच्या खोलीत बसला आहे. त्याच्या हातात कॉमिकचं पान आहे. तो एका बाईच्या दुकानात जातो, तिचे केस सारतो. दुसरीच्या अंगणात जातो. तिसरी, चौथी. मग तो बसमध्ये बसतो, टोपी मांडीवर ठेवतो आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना खिडकी देतो. शेवटच्या चौकटीत बस थांबते आणि तो उतरतो, सरळ आपल्याकडे तोंड करून.

सगळं काढून झालं आहे. फक्त त्याचा चेहरा नाही. प्रत्येक चौकटीत मानेच्या वर कोरा कागद आहे.

मी त्याला डोळे मिटून काढू शकते. भुवईतला तो व्रण, खालचा ओठ, हसताना एकच गाल वर जातो ते. जिथे बस थांबते तिथे पेपरचा ठेला असतोच, आणि जिथे ठेला आहे तिथे झुल्मा असते. तो गुरुवारी तुझ्या गावात उतरेल तेव्हा त्याचा चेहरा रविवारपासून तिथे टांगलेला असेल. ठेलेवाला बघेल, चहाकॉफीवाली बघेल, शाळेतून येणारी पोरं बघतील. आल्बा छापेल. मी तिला सगळं सांगितलं, ती म्हणाली, "खटला झाला तर होऊ दे."

मला या पानाची भीती वाटते, हे लपवत नाही. चेहरा द्यायचा आणि म्हणायचं, शोधा. त्याने हेच केलं. दार्दोसारखा दिसणारा एखादा बिचारा मास्तर, एखादा ड्रायव्हर, सणाला बायकोमुलांकडे निघालेला असेल आणि लोक त्याच्या अंगावर जातील. त्याला मी काय सांगू? आणि तुझं काय होईल तेही मला कळतं. पान वाचून तुझं गाव आठवायला लागेल, आपल्याकडची ती चष्मेवाली बाई, मुलीला घेऊन कुठून आली, नेहमी केस डाव्या कानावर का घेते. तू आठ वर्षं जे नाव पाटीवर लावून बसली आहेस ते जाईल, आणि तू झुल्मा होशील. पोरं तुला बघून हात हलवतील. आब्रिलला वर्गात विचारतील.

पाणी ओतून चित्र खराब करावं असं दोनदा वाटलं. केलं नाही. दुसरं काही माझ्या हातात नाही. माझ्याकडे फक्त चेहरे आहेत.

हे पत्र उद्याच्या गठ्ठ्यात जाईल. परतीचे अंक मंगळवारी येतात. पान पुढच्या बुधवारी सकाळी छापखान्यात द्यायचं आहे. तू नाही म्हणालीस तर पान असंच जाईल, कोऱ्या चेहऱ्याचं. मी त्यावर पेन्सिल टेकवणार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, एवारिस्तोकाका कुठल्या गावाची बस ते मला सांगतील, आणि मी तुझ्या दारात येऊन बसेन. त्यालाही तू नाहीच म्हणशील, पण ते मी विचारत नाही.

हे मात्र विचारते. आठ वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं, तेव्हा हसले होते. तुझं उत्तर मला माहीत आहे, त्यातला पोट फुगलेला 'ग'ही दिसतो आहे. तरीही, निदिया, एवढं एकदाच मला त्याचा चेहरा काढू दे.

ग्रिसे